मागची कड

माझ्या वर्कशॉपातून कोणतीही गाडी माझा तळवा तिच्यावरून फिरल्याखेरीज बाहेर पडत नाही. डोळ्यांना रंग फसवतो, उजेड फसवतो. तळव्याला फसवणारा पत्रा अजून कोणी ठोकलेला नाही. ठोकाई संपली की पत्र्यावर मलमलीचा तुकडा टाकायचा, डोळे मिटायचे आणि हात एका दमात कडेपर्यंत न्यायचा. जिथे बोट अडेल तिथे मिस्त्रींची हातोडी पुन्हा पडते. ही रीत आमच्या यजमानांची. त्यांनीच मला ती शिकवली, आणि पुढे मी त्यांच्याच कामात खोट काढू लागले तेव्हा म्हणाले, "सासुरवास सुनांना होतो असं ऐकलं होतं. इथं मालकालाच झालाय." ते गेल्यापासून वर्कशॉप मी चालवते; घर त्याच्याच वर आहे. मिस्त्री त्यांच्या वेळचे आहेत, रंगाचे काम माझा मुलगा पाहतो, आणि सगळे मला मोठ्या बाई म्हणतात. मुलगाही म्हणतो, रागावला की.

मुलाच्या पाठची माझी लेक. ती डोळ्यांची डॉक्टर आहे. रूपाने वडिलांवर गेली आणि हट्टाने माझ्यावर, त्यामुळे तिच्याशी भांडताना मला आरशाशी भांडल्यासारखे होते. आठवड्यातून एक दिवस ती रुग्णालयाची गाडी घेऊन माळापलीकडच्या खाणवस्तीत जाते. खडी फोडणाऱ्या बायका तिथे राहतात. त्यांच्यात काचबिंदू फार. तो रोग दुखत नाही, खुपत नाही; डोळ्यातला दाब गुपचूप वाढवत नेतो आणि एक दिवस दिवा विझवून टाकतो. माझी लेक तो दाब मोजते, थेंब देते, आणि ज्या थेंब टाकायचे थांबवतात त्यांना रागावते. तिचे रागावणे मी एकदा फोनवरून ऐकले आणि मला माझाच आवाज ऐकू आला.

गाडी प्रचंड आहे. कपाट आडवे पाडावे आणि त्याला चाके लावावीत तशी. आत तपासणीची यंत्रे, पाठीमागे औषधांचे खण, वर सामानाचा कॅरियर, आणि सगळे विजेवर. शहरात ती राणीसारखी चालते. माळावर मात्र एक झाड नाही, एक भिंत नाही, आणि वारा कधी थांबलेला मी पाहिला नाही. खाणवस्तीत वीज आहे ती खडीयंत्राच्या जनरेटरची. तिच्यावर ही गाडी चार्ज करणे म्हणजे चमच्याने विहीर भरणे. तेव्हा जाण्याची आणि येण्याची ताकद इथूनच भरून न्यावी लागते, आणि ती पुरत नसे.

दोनदा गाडी माळावर बसली. पहिल्यांदा लेकीने हसण्यावारी नेले. दुसऱ्यांदा ती दुपारभर त्या उघड्या रस्त्यावर एकटी होती. फोनला रेंज नव्हती. मी त्या दुपारी जिना किती वेळा चढले आणि उतरले याचा हिशेब कोणी ठेवला असेल तर तो माझ्या गुडघ्यांनी. शेवटी एका लॉरीने गाडी ओढून आणली. लेक उतरली, धुळीने माखलेली, आणि म्हणाली, "चहा आहे का?"

"चहा नंतर," मी म्हणाले. "आधी हा फेरा बंद."

"आई, तिथं दुसरं कोणी जात नाही."

"मग आणखी कोणाला तरी जाऊ दे. माझ्याकडे लेक एकच आहे."

"आणि त्यांच्याकडे डॉक्टर एकच आहे. बोल आता."

मी बोलले. इतके बोलले की मिस्त्रींनी खाली हातोडी थांबवली. सरतेशेवटी आम्ही दोघी एका अटीवर आलो. गाडी सगळ्या सामानासह जाऊन, तिथले दिवसभराचे काम करून परत फाटकात येईल तेव्हा तिच्या पडद्यावर बॅटरीचे किमान दहा टक्के शिल्लक दिसले पाहिजेत. दिसले, तर मी यापुढे चकार शब्द काढणार नाही. नाही दिसले, तर तिने तो फेरा कायमचा सोडायचा.

"शब्द?" मी विचारले.

"शब्द," ती म्हणाली. ती शब्द मोडत नाही. मला ते ठाऊक होते, म्हणूनच मी तो मागितला.

माझी सूनबाई तेव्हा दारात उभी होती. ती वाऱ्याचे शास्त्र शिकून आमच्या घरात आली. यंत्रांवरून हवा कशी वाहते, कुठे अडते, असले काहीतरी. मी तिला सुट्या भागांचे कपाट सांभाळायला दिले होते. ते तिने इतके चोख ठेवले की दुसरे काही द्यावे असे मला कधी सुचले नाही. ती हळूच म्हणाली, "आई, त्या गाडीला वजन मारत नाही. वारा मारतो."

"ते मिस्त्रींनाही कळतं. समोरून वारा, गाडी कपाटासारखी."

"समोरून थोडाच. जास्त मागून मारतो."

"मागून? वारा समोरून येतो आणि मागून मारतो? हे तुमच्या पुस्तकातलं का?"

"पुलाचा खांब पाहिलाय ना तुम्ही? पाणी आपटतं समोर, पण भोवरा होतो मागं. आपल्या गाडीची पाठ भिंतीसारखी सपाट आहे. तिच्यामागं असाच भोवरा असतो, आणि तो गाडीला मागं खेचत राहतो. पाठ निमुळती केली तर भोवरा लहान होईल."

लेकीने तिचा दंड धरला. "वहिनी, करशील?"

सूनबाईने माझ्याकडे पाहिले. वर्कशॉप माझे होते. मी नाही म्हणाले असते तर गोष्ट तिथेच संपली असती. पण आमच्या दारात आलेली गाडी जमत नाही म्हणून परत पाठवल्याचे उदाहरण नाही, आणि ते उदाहरण माझ्या हयातीत घडणार नव्हते. "करा," मी म्हणाले. "पण काम काम असेल. खेळ नको."

रुग्णालयाची परवानगी लेकीने आणली आणि काम सुरू झाले. आधी कॅरियर उतरला. मग पुढच्या जाळीचा बराचसा भाग बंद केला. विजेच्या गाडीला तेवढा वारा आत लागतच नाही, असे सूनबाई म्हणाली. पोटाखाली सलग पत्रा बसवला, कारण खालून गाडी म्हणजे नुसता अडगळीचा माळा, आणि वारा प्रत्येक खिळ्यापाशी थांबून चौकशी करतो. चाकांना सपाट टोप्या आल्या. सगळ्यात मोठे काम पाठीचे. छत आणि दोन्ही बाजू जिथे संपतात तिथून पुढे हातभर लांबीचा पत्रा, आत झुकत गेलेला, मागच्या दरवाजालाच जोडलेला, म्हणजे दार उघडताना तोही सोबत उघडावा. दुरून पाहिले तर गाडीने मागे हनुवटी काढल्यासारखी दिसे.

"उभ्या आयुष्यात गाड्यांचे पोचे काढले," मिस्त्री कुरकुरले. "आता शेपूट लावतोय. उद्या म्हणाल पंख लावा."

"पंख नको, मिस्त्री," माझा मुलगा रंगाच्या खोलीतून ओरडला. "उडाली तर आई रनवेवर जाऊन हात फिरवेल."

सगळे हसले. मीही हसले असते, पण माझे कशातच मन लागत नव्हते. दिवसातून दहा वेळा मी त्या गाडीपाशी जात असे आणि दहा वेळा तशीच परत येत असे. काम उत्तम चालले होते. मिस्त्रींचा हात जुना, सूनबाईचे डोके ताजे. दोघे एका पत्र्यावर वाकलेले असत आणि त्यांच्यात असे काही बोलणे चाले की जणू वीस वर्षे बरोबर ठोकाई करत आहेत. मला अभिमान वाटे आणि त्याच श्वासात भीतीही. हे काम जितके चांगले होईल तितकी माझी लेक त्या माळावर जात राहणार. वर्कशॉपची मालकीण म्हणून मला एक हवे होते आणि आई म्हणून दुसरे, आणि दोघींना राहायला देह एकच होता.

तपासणीच्या दिवशी सूनबाई चाकांच्या टोप्यांचे क्लिप आणायला बाजारात गेली होती. मिस्त्रींनी मलमल टाकली. मी डोळे मिटले आणि छतापासून हात मागे नेला. काम सुंदर होते. पत्रा लोण्यासारखा उतरत होता. आणि अगदी शेवटी, जिथे शेपूट संपते तिथे, बोट अडले. कड उभी होती. सरळ काटकोनात तुटलेली, विटेच्या कडेसारखी.

"मिस्त्री, ही अशीच?"

"सूनबाईंनी तशीच ठेवायला सांगितलीय."

"कशासाठी?"

"वाऱ्यासाठी म्हणाल्या."

"वारा काय आपलं गिऱ्हाईक आहे? उद्या दार उघडताना कोणाचा हात कापला तर वारा औषधपाणी करणार? गोल करा."

मिस्त्रींनी हातोडी उचलली नाही. "त्यांना एकदा विचारू का, बाई?"

"मला विचारलंत ना?"

"विचारलं."

"मग?"

मग त्यांनी कड गोल केली. दोन बोटे मावतील अशी घसघशीत गोलाई. सावकाश, पत्र्यामागे लोखंडी ठोकळा धरून, आमच्या रीतीने. मुलाने त्याच दुपारी रंग मारला. मी पुन्हा हात फिरवला तेव्हा तो कडेवरून पाण्यासारखा ओघळून गेला, आणि मी म्हणाले, "आता झाली गाडी."

सकाळी सगळे फाटकापाशी जमलो. लेकीने सामान भरले. सूनबाई टोप्या बसवून मागे आली, सवयीने शेपटीवर हात ठेवला, आणि तिचा हात थांबला. तिने कडेवरून एकदा बोट फिरवले. माझ्याकडे पाहिले. मी तिच्याकडे पाहिले. तिचे ओठ उघडले होते. पण मोठ्या बाईंनी हात फिरवलेल्या गाडीबद्दल आमच्या वर्कशॉपात कोणी बोलत नाही, आणि तीही बोलली नाही. गाडी निघाली.

त्या दिवशी मी एक काम सुरू केले आणि अर्धवट सोडले, दुसरे सुरू केले आणि तेही सोडले. जेवायला बसले आणि उठले. मुलगा म्हणाला, "आई, तू बसशील का जरा? तुझ्यामुळे रंग थरथरतोय." मी त्याला रंगाच्या खोलीत परत पाठवले. देवाकडे काय मागावे हेच मला कळत नव्हते. गाडी सुखरूप येऊ दे, एवढे मागून मी थांबत असे. आकडा किती यावा, ते वाक्य मी पुरे करत नव्हते.

दिवस कलताना गाडी फाटकात आली. लेकीने काच खाली केली.

"सात," ती म्हणाली.

तिने हात पुढे केला आणि किल्ली माझ्या तळहातावर ठेवली.

"जाताना छान गेली, आई. हलकी वाटत होती. परतताना वारा तिरका झाला आणि मागून डोलायला लागली. कोणीतरी शेपूट धरून हलवतंय असं. सारखं स्टिअरिंग सांभाळत आले." ती सूनबाईकडे वळली. "तू खूप केलंस, वहिनी. तीननं हुकलं. शब्द म्हणजे शब्द."

ती वर निघून गेली. सूनबाई गाडीच्या मागे जाऊन उभी राहिली, पाठ माझ्याकडे करून. मी त्या रात्री दोन घास जास्त जेवले. मला हवे ते मिळाले होते.

पुढचे दिवस मी विसरू म्हटले तरी विसरता येणार नाहीत. फेऱ्याची गाडी आमच्याच आवारात उभी होती. लेक शहरातल्या रुग्णालयात जात होती, येत होती, पण घरात आली की तिला जागा पुरत नसे. तिने माझी कपाटे आवरली, मी तीन वेळा नको म्हटले तरी. तिने वर्कशॉपातल्या प्रत्येकाचे डोळे तपासले आणि मिस्त्रींना सांगितले की त्यांना चष्मा हवा.

"चष्म्यानं पत्रा दिसतो, ताई," मिस्त्री म्हणाले, "पण हातोडी पडते ती बोटावर."

"मग बोटाचा डॉक्टर वेगळा बघा," ती म्हणाली, पण हसली नाही.

आणि फोन. खाणवस्तीतून एक बाई टेकडीवर चढून फोन करी, कारण रेंज तिथेच येते. मी शेजारच्या खोलीत लोकरीचे टाके मोजत असे आणि ऐकत असे. "नाही, या आठवड्यात नाही... पुढच्याही नाही. अगं, सांगते ना, मी येणार नाही. तू थेंब टाकतेस ना? संपले? संपले म्हणजे कधी?... बरं. दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं? कुठल्या डोळ्याला?" मग दार उघडे, आणि ती पुन्हा काहीतरी आवरायला घेई.

माझे टाके चुकत होते. मी उसवत होते, विणत होते, पुन्हा उसवत होते.

अशा एका दुपारी सूनबाई आली. "आई, तुमची तांबडी लोकर घेऊ का थोडी?"

"स्वेटर कोणासाठी?"

"गाडीसाठी."

मला वाटले ती चेष्टा करते आहे. ती चेष्टा करत नव्हती. तिने लोकरीचे बोटभर तुकडे कापले आणि गाडीच्या पाठीवर, छतावर, शेपटीच्या कडेने, चिकटपट्टीने एकेक टोक चिकटवत गेली. गाडीला तांबडे केस आल्यासारखे दिसू लागले. मग तिने आमच्या छोट्या गाडीचे दार माझ्यासाठी उघडले. "बसता का? त्यांना मोठी गाडी चालवायला सांगितलंय, किल्ली तेवढी द्या. आपण मागून जाऊ."

"कशाला?"

"बघायला."

'त्यांना' म्हणजे माझ्या मुलाला. शहराबाहेरच्या सरळ रस्त्यावर तो पुढे, आम्ही मागे. वेग वाढला. छतावरचे आणि बाजूंचे धागे विंचरल्यासारखे सपाट पडले. मी समोर वाकले. शेपटीची डावी कड आणि उजवी कड मला एकाच वेळी दिसत होती, आणि दोन्हीकडे जे चालले होते ते एका गाडीचे वाटत नव्हते.

उजवीकडचे धागे कडेवरून सरळ मागे निघाले होते, ताठ, शांत, जणू त्यांना जायचा रस्ता ठाऊक आहे. डावीकडचे वेडे झाले होते. गोलाईवरून आत वळत, तिथून उसळून वर येत, क्षणभर मागे जात आणि लगेच उलटून गाडीच्याच अंगावर पडत. एकही धागा एका जागी ठरत नव्हता. मला ते पाहवेना आणि नजरही काढता येईना.

"उजवीकडे काय केलंस?" मी विचारले.

"कड परत लावली. पातळ पट्टी आहे, चिकटपट्टीनं बसवलीय. डावीकडे तुम्ही पास केली तशीच आहे."

"सांग."

"वाऱ्याला कुठं सोडायचं ते आपण ठरवून द्यावं लागतं, आई. उभी कड असली की तो तिथं सुटतो आणि निघून जातो. गोल कडेवर त्याला ते कळत नाही. तो कडेला धरून आत वळतो, कधी इथं सुटतो, कधी तिथं. भोवरा मोठा होतो, गाडीला खेचतो. तिरका वारा आला की डोलवतो."

"म्हणजे ते तीन टक्के..."

तिने वेग थोडा कमी केला. मग म्हणाली, "तीन तरी. जास्तच असतील."

"हे तू त्या सकाळी का नाही बोललीस?"

"तुम्ही हात फिरवला होता."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपे गेले असते. रस्ता संपत आला तशी ती म्हणाली, "वन्संना मी काही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. ह्यांनाही माहीत नाही, त्यांना वाटतंय मी लोकरीचा रंग वाऱ्यात कसा दिसतो ते बघतेय."

"आणि त्याला ते पटलं?"

"रंगाचं म्हटलं की त्यांना काहीही पटतं."

आम्ही घरी पोचलो. मला कोणी घाई करत नव्हते. लेक घरी होती, सुरक्षित होती. किल्ली परत माझ्या खणात होती. गुपित ज्या दोघांना ठाऊक होते त्यांतली एक माझी सून आणि दुसरे माझे मिस्त्री, आणि दोघांचीही तोंडे माझ्या इच्छेखेरीज उघडली नसती. मी एक शब्द बोलले नाही तर माझी लेक आयुष्यभर आठवड्याचे सातही दिवस भिंतींच्या आडोशाला राहणार होती. असा सौदा कोणत्या आईला मिळतो?

मी वर गेले. लेक खिडकीपाशी उभी होती, फोन हातात, आणि खिडकीच्या कडीशी चाळा करत होती. उघडायची, लावायची. उघडायची, लावायची. मी आल्याचे तिला कळले नाही. डावीकडचे धागे माझ्या डोळ्यांपुढून हलेनात.

मी तशीच खाली उतरले. "मिस्त्री, शेपटीची गोलाई काढा. कड उभी करा."

मिस्त्रींनी कानावर हात नेला. "काय म्हणालात?"

"चष्मा सांगितलाय, कानाचं यंत्र नाही. कड उभी करा. पत्र्याचं टोक आत दुमडा, म्हणजे हाताला लागणार नाही. तेवढं माझं. बाकी सूनबाई सांगेल तसं."

"आणि तपासणी?"

"तिला बोलवा."

मिस्त्रींनी हातोडी खाली ठेवली. मग त्यांनी सूनबाईला हाक मारली, आणि ती हाक आजवर ते मला मारत आले तशीच वाटली. ते ऐकायला बरे वाटले असे मी म्हणणार नाही.

कड उभी झाली. पण लेक पुन्हा फेऱ्याला जायला तयार होईना.

"नाही," ती म्हणाली. "एकदाच ठरलं होतं. गाडी हरली. आता पुन्हा पुन्हा करून आकडा येईपर्यंत जायचं, हे शब्द पाळणं नाही. तूच शिकवलंस."

"गाडी हरली नाही. ती पुरी झालीच नव्हती."

"वहिनी अपुरं काम देत नाही."

"तिनं पुरं दिलं होतं. मागची कड मी गोल करायला लावली. तिला न विचारता. त्यानं वारा अडकला आणि गाडी डोलली."

ती माझ्याकडे बघत राहिली.

"मुद्दाम?" तिने विचारले.

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होते आणि जिन्यावर मी त्याचे उत्तर जुळवले होते. आमची रीत, कडेने कापले जाणारे हात, तळव्याचा अनुभव. ते सगळे खरे होते. पण तिच्या तोंडावर ते उत्तर मला देता येईना.

"हातानं सांगितलं तसं मी केलं," मी म्हणाले. "पण त्या दिवशी हाताला काय ऐकायचं होतं, ते मी तुला शपथेवर सांगू शकत नाही."

ती रागावली नाही. रागावली असेल तर दिसू दिले नाही. त्यातही ती माझ्यावर गेली आहे. ती पलंगाच्या कडेवर बसली, पुन्हा उठली.

"तू हे मला सांगितलं नसतंस तर मला कधीच कळलं नसतं."

"नसतं."

"मग का सांगितलंस?"

"आमच्या वर्कशॉपातून अर्धवट गाडी बाहेर पडली. ते मला चालत नाही."

"एवढंच?"

"तुला एवढं पुरत नाही का?"

ती कशीबशी हसली, आणि हात पुढे केला. मी किल्ली दिली. तिची बोटे गरम होती. ती म्हणाली, "दहा नाही आले, तर मीच सोडेन. तू नाही सांगायचंस."

"मी काही सांगणार नाही."

गाडी दुसऱ्यांदा निघाली तेव्हा वारा पहिल्या वेळेपेक्षा जास्त होता. सूनबाईने तो फाटकाच्या पत्र्याच्या आवाजावरून ओळखला, मी झाडांच्या शेंड्यांवरून. आम्ही एकमेकींना ते सांगितले नाही. तिने सुट्या भागांचे कपाट तीनदा लावले. मी तिच्यासमोर बसून स्क्रू मापाप्रमाणे वेगळे केले, आणि तिने ते माझ्या नकळत पुन्हा वेगळे केले, कारण मी चुकवत होते. मुलगा एकदा डोकावला. "तुम्ही दोघी एका टेबलावर? मी बाहेरच बरा," असे म्हणून तो गेला.

गाडी आली. मी कोणालाही पुढे जाऊ दिले नाही. लेकीने काच खाली केली तशी मी आत वाकले आणि पडदा स्वतः वाचला. मग चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"बारा," मी म्हणाले.

"बारा," लेक म्हणाली. "आणि डोलली नाही. एकदाही नाही."

सूनबाईने तोंडावर हात धरला. मिस्त्रींनी शेपटीवर थाप मारली, घोड्याच्या पुठ्ठ्यावर मारतात तशी. मुलगा म्हणाला, "तांबडी लोकर शुभ आहे, मी म्हणत होतो," आणि कोणी त्याला सांगितले नाही की तो असे काही म्हणत नव्हता.

"ती टेकडीवरून फोन करणारी?" मी विचारले.

"उजव्या डोळ्याचं थोडं गेलंय." लेकीने सीटबेल्ट सोडला आणि परत लावला, उगीच. "डावा राहील. आठवड्याला गेले तर राहील."

मी शब्द दिला होता, म्हणून चकार शब्द काढला नाही. तिच्यासाठी चहा ठेवायला वर गेले.

त्याला आता बरेच दिवस झाले. अशाच पाठीच्या दोन गाड्या आमच्याकडे आल्या आहेत आणि त्यांची कड कशी असावी हे मिस्त्री मला विचारत नाहीत. बाकीच्या पत्र्यावर अजून माझाच हात फिरतो. लेक दर आठवड्याला जाते. कधी अकरा आणते, कधी चौदा, एकदा नऊ आणले आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "वारा होता." मी म्हणाले, "मी काही बोलले का?"

पण आठवड्यातला तो एक दिवस मला बसणे माहीत नाही. सकाळी गाडी वळणाआड गेली की मी फाटक लावते, थोड्या वेळाने उघडून रस्ता पाहते, पुन्हा लावते. सूनबाई म्हणते, आई, आता ती येणारच आहे. मला ते मान्य आहे. मी आत येते, दोन गिऱ्हाइकांना उत्तरे देते, आणि माझे पाय मला न विचारता परत तिकडे निघतात. परवा मिस्त्री म्हणाले, "बाई, फाटकाचा कडीकोयंडा झिजला."

"झिजू दे," मी म्हणाले. "दुसरा लावा. जाडसर बघून आणा."